सरकीनगरची हरळी

पाडलेल्या वस्तीच्या जमिनीत पहार घातली तर ती मातीत जावी तशी आत जात नाही. खणकन आवाज होतो आणि खांद्यापर्यंत झिणझिण्या येतात. विटांचे तुकडे, सिमेंटचा चुरा, चुना, फरशीचे कपचे, मध्येच एखादी फुटकी बशी. आणि हे सगळं यंत्रांच्या पट्ट्यांखाली दाबलं जाऊन दगडासारखं घट्ट झालेलं. अशा जमिनीवर गवत रुजवणं हे कांचन बोरसेचं काम होतं, आणि ते तिला मनापासून आवडायचं.

बहाळपूर हे तापीखोऱ्यातलं शहर. उन्हाळा इथे पहिल्यापासूनच कडक, पण अलीकडे पारा पन्नाशीला टेकायला लागला होता. अशाच एका उन्हाळ्यात शहरातली बरीच म्हातारी माणसं आपापल्या घरात, पंख्याखाली, झोपल्या जागी गेली. नंतर अभ्यास झाला तेव्हा कळलं, की सर्वांत जास्त मृत्यू पाडकाम होऊन उघड्या पडलेल्या जागांच्या आसपास झाले होते. उघडा राडारोडा दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता शेजारच्या भिंतींवर ओकत राहतो. त्याच जागेवर गवत असेल तर पानांमधून पाण्याची वाफ होते, आणि माठातलं पाणी गार व्हावं तशी जमीन गार होते. म्हणून कायदा आला. शहरात जिथे पाडकाम होईल ती जागा पुढच्या उन्हाळ्याआधी हिरवी झालीच पाहिजे, मग तिथे इमारत कधीही उठो.

कायदा करणं सोपं होतं, गवत उगवणं अवघड. राडारोड्यातल्या चुन्याने मुळं करपतात. दाबलेल्या जमिनीत हवा नसते, म्हणून ती गुदमरतात. वरून शेतातली माती आणून पसरावी तर तेवढी शेतं नागडी होतात. भूमी संशोधन केंद्राच्या डॉ. रोहिणी टेंबे यांनी यावर तोड काढली ती साध्या हरळीतून. बांधावरची हरळी उपटून, जाळून, कशानेही मरत नाही. टेंबेबाईंनी तिच्या मुळांशी एक जिवाणू राहायला लावला. तो सौम्य आम्ल सोडून चुना विरघळवतो आणि मुळाला वाट करून देतो. मूळ आत गेलं की मागोमाग हवा आणि पाणी जातं, आणि वर्षभरात राडारोड्याची माती व्हायला लागते.

त्याच हरळीला बाईंनी आणखी एक गुण दिला. शहरातल्या जमिनीखाली काय काय असतं हे कुणालाच ठाऊक नसतं. गॅरेजचं तेल, बॅटऱ्यांमधलं शिसं, फुटलेली गटारं. जागोजाग खणून तपासणं परवडत नाही. म्हणून मुळांना जे भेटेल त्याची खबर पानांनी द्यावी, अशी तजवीज त्यांनी केली. जांभळाच्या सालीत असतात त्या जातीचे रंग वनस्पती स्वतःच तयार करू शकतात. कशाने कोणता रंग सुरू व्हायचा, एवढं ठरवून द्यायचं होतं. शिसं भेटलं की पानांच्या कडा लाल होत. तेलाने पातं निळसर पडे. खाली काही कुजत असेल तर जांभळा रंग उतरे. वरून ड्रोनने चित्र घेतलं की सगळी जमीन वाचता येई. लोकांनी तिचं नाव ठेवलं, बोलकी हरळी. कांचन केंद्राच्या नोकरीत होती, आणि पाडलेल्या जागांवर ही हरळी लावणं तिच्याकडे होतं.

सरकीनगर ही बंद पडलेल्या जिनिंग मिलच्या आवारातली वस्ती. मिल गेली तरी कामगार तिथेच राहिले, त्यांची मुलंबाळं तिथेच झाली. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती वस्ती हलवली. लोकांना गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेलं आणि 'समतल' नावाच्या ठेकेदार कंपनीने घरं पाडली. पोकलेन चालवणाऱ्यांत कांचनचा नवरा भूषणही होता.

भूषण आयटीआयला होता आणि कांचन कृषी महाविद्यालयात, तेव्हापासूनची त्यांची ओळख. "मी पाडतो आणि तू पेरतेस," असं तो चारचौघांत हसून सांगायचा. सरकीनगरनंतर त्याने ते सांगणं सोडलं. पोकलेनही सोडली. कमी पगारावर तो पाण्याचा टँकर चालवायला लागला. "केबिनमधली गरमी सोसत नाही आता," एवढंच कारण दिलं. जेवताना तो घास हातात घेऊन थांबायचा. एकदा त्यांची अकरा वर्षांची मुलगी ओवी त्याला म्हणाली, "पप्पा, तुमचा हात थरथरतोय." त्याने घास ताटात ठेवला आणि हात मांडीखाली घेतला.

उन्हाने होतं असं, कांचनला वाटलं. त्या वर्षी सगळ्यांनाच काही ना काही होत होतं.

*

सरकीनगरच्या जागेला तारेचं कुंपण होतं. तिथे जवळजवळ रोज एक बाई येऊन उभी राहायची. योगिता भोई तिचं नाव. डाळमिलमध्ये कामाला जाताना ती वाट वाकडी करून इकडून जायची.

"मॅडम, आमचे बाबा दिसले का इकडे कुठे?" तिने पहिल्या दिवशी विचारलं.

तिचे वडील सुकलाल भोई मिलमधले जुने फिटर. वस्ती पाडली त्या दिवशी सकाळी ते शेडमधून निघाले होते, घराची सागवानी चौकट काढून आणतो म्हणून. ते परत आले नाहीत. पोलिसांनी हरवल्याची नोंद केली. म्हातारा माणूस, उन्हाने भ्रमिष्ट झाला असेल, कुठेतरी गाडीत बसला असेल, असं म्हणाले.

"त्यांना शेडमध्ये करमतच नव्हतं," योगिता म्हणाली. "कुठेही गेले असले तरी फिरून इथेच येणार ते. दुसरं ठिकाण ठाऊकच नाही त्यांना."

"घर कुठे होतं तुमचं?"

योगिताने तारेतून हात घालून दाखवलं. मिलचा जुना वजनकाटा तेवढा पाडायचा राहिला होता. "त्याच्या मागेच."

कांचनने तिचा नंबर घेतला. काही कळलं तर सांगते म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं होतं.

पावसाळ्यात हरळी झपाट्याने पसरली. टेंबेबाई स्वतः बघून गेल्या. "इतकं एकसारखं मी प्रयोगशेतातही पाहिलं नाही," त्या म्हणाल्या. मिलचं जुनं इंजिनघर होतं तिथे निळा पट्टा आला, तिथला तेलकट थर काढून टाकला. एका भंगारवाल्याच्या जागेवर लाल कडा आल्या. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं.

पाऊस ओसरल्यावर घेतलेल्या चित्रात वजनकाट्याच्या मागे जांभळा डाग दिसला.

कांचन जागेवर गेली. मैल्याच्या खड्ड्याचा डाग चौकोनी येतो, गटाराची लांब रेघ येते. हा डाग लांबट होता. मधे गवत जळून टक्कल पडलं होतं आणि भोवती गर्द जांभळी किनार होती. असा डाग तिने एकदाच पाहिला होता, केंद्राच्या प्रयोगशेतात. तिथे कधीकाळी मेलेली म्हैस पुरली होती. मांस कुजताना नत्र इतकं साठतं की थेट वरची मुळं जळतात, आणि कडेच्या मुळांना तो पदार्थ ओळखता येतो. त्याच्यासाठी वेगळा रंग ठेवलेला नव्हता. जांभळ्यातच तो गडद छटेने कळायचा.

शेळी असेल, तिने स्वतःला सांगितलं. कुत्रं असेल. तिने पिशवीतून टेप काढली, डागाशी वाकली आणि न मोजताच टेप परत ठेवली.

*

संध्याकाळी भूषण अंगणात नळाखाली पाय धूत होता. ओवी शेजारी खेळायला गेली होती.

"सरकीनगरात वजनकाट्याच्या मागची घरं कुणी पाडली?" कांचनने विचारलं.

त्याने नळ बंद केला. "का?"

"तिथे काय आहे?"

"कुणी सांगितलं तुला?"

त्याने 'काय आहे म्हणजे?' असं विचारलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. ती पायरीवर बसली. "कुणी नाही सांगितलं. गवत जांभळं झालंय."

भूषणने ओले पाय पंच्याने पुसले. मग बोलायला लागला, हळू आवाजात, जणू कधीपासून तेच मनात घोळवत होता.

"भिंत ओढली तशी सगळं छप्परच खाली आलं. धूळ बसली तेव्हा पत्र्याखाली हात दिसला. मी मशीन बंद करून उतरलो. म्हातारा होता एक. चौकट काढायला आत शिरला असेल. दिघोळेला हाक मारली."

दिघोळे हा समतलचा सुपरवायझर.

"तो आला, वाकून बघितलं, म्हणाला गेलाय हा. मी म्हटलं, साहेब, ॲम्ब्युलन्स बोलवू. तर म्हणाला, ॲम्ब्युलन्सच्या मागे पोलीस येतात. काम बंद पडेल आणि तू आत जाशील, लिव्हरवर हात तुझा होता. घरी पोरगी आहे ना तुला? चल, ढकल पुढे."

"आणि तू?"

"मी वर जाऊन बसलो."

"भूषण, तो गेला होता का खरंच?"

त्याने मान हलवली. ती हो होती की नाही ते तिला कळलं नाही. "मी नीट बघितलं नाही, कांचन. नीट बघितलं असतं तर मशीन चालू करता आली नसती."

ओवी फाटक वाजवत आली. तिने आईला विचारलं, भाजी कसली आहे. कांचनला आठवेना.

*

ड्रोनचं चित्र केंद्रात जाण्याआधी कांचनकडे येई. प्रत्येक रंगाचं कारण तिने नोंदवायचं असे. मैल्याचा जुना खड्डा असेल तर खणायची गरज नसे. गवतच तो हळूहळू पचवून टाकी. वजनकाट्यामागच्या डागापुढे तिने 'जुना खड्डा' अशी नोंद केली. मग माळ्याला सांगून तेवढा तुकडा अगदी खालून कापून घेतला. रंग वरच्या पात्यात उतरतो; पातं कापलं की काही आठवडे दिसत नाही.

इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी योगिता कुंपणापाशी होती. ऊन चढलं होतं. तिचे ओठ सुकलेले पाहून कांचनने आपली पाण्याची बाटली तारेवरून दिली. योगिता घटाघटा प्यायली.

"छान आलंय हो गवत," ती म्हणाली. "आमच्या दारात कधी काही उगवलं नाही. बाबांनी कारल्याचा वेल लावला होता एकदा. तोही जळाला."

कांचनने कापलेल्या तुकड्याकडे पाठ केली.

"पोलिसात आता मला उभंही करत नाहीत," योगिता बाटली परत देत म्हणाली. "तुम्हीच एक विचारपूस करता."

घरी कांचन आणि भूषण एकमेकांशी फार प्रेमाने वागायला लागले. तो तिच्यासाठी चहा करून ठेवायचा. ती त्याच्या ताटात आग्रहाने वाढायची. ओवीला वाटलं, आईपप्पांचं भांडण होतं ते मिटलं. तिने शाळेत निबंध लिहिला, माझे पप्पा शहराला पाणी देतात. भूषणने तो वाचला आणि उठून बाहेर गेला.

दिवाळी झाली. हवा थोडी गार झाली. मुळं आणखी खोल गेली तसे पुढच्या चित्रात आणखी दोन डाग आले.

एक पूर्वेला, मिलच्या पाडलेल्या आवारभिंतीलगत होता, दुसरा पार टोकाला, जुन्या विहिरीच्या बाजूला. दोन्ही लांबट. दोन्हींच्या मधे टक्कल. भिंतीलगतचा डाग आखूड होता.

कांचनने चित्र भूषणपुढे धरलं. "हे काय आहे?"

त्याने ते कितीतरी वेळ बघितलं.

"मला एकच माहीत होता," तो म्हणाला.

"खरं सांग."

"ओवीची शपथ. तिकडे दुसऱ्या मशिनी होत्या. मी त्या बाजूला गेलोच नाही." मग तो भिंतीला टेकून खाली बसला. "दिघोळे त्या दिवशी घाबरला नव्हता, कांचन. आवाजसुद्धा चढवला नाही त्याने. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. पहिल्यांदा असं झालेला माणूस घाबरतो."

कांचन त्याच्याशेजारी बसली. एक डाग तिने झाकला होता तो नवऱ्यासाठी. बाकीचे झाकले तर ते कुणासाठी? पण हेही तिला दिसत होतं, की केंद्राची माणसं एक ठिकाण खणायला आली की सगळी जमीन नव्याने वाचणार.

"मी टेंबेबाईंना सांगणार आहे," ती म्हणाली. "तिन्ही."

"माझाही?"

"दोन सांगून एक कसा ठेवू?"

"एक ठेवलाच होतास ना तू?"

"हो. ठेवला होता."

तो रागावला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "मग मीच जातो चौकीत. स्वतःहून गेलो तर निदान तेवढं तरी लिहितील. सकाळी आंबेडकर चौकातली खेप टाकतो आणि जातो. बाया हंडे लावून बसतात गं तिथे. दुपारपर्यंत थांब."

"थांबते," कांचन म्हणाली.

*

तिने थांबायचा प्रयत्न केला, पण दुपारपर्यंत आपलाच धीर सुटेल असं तिला वाटायला लागलं. सकाळी केंद्रात जाऊन तिने टेंबेबाईंपुढे चित्रं ठेवली आणि सगळं सांगितलं. आपण केलेली खोटी नोंदही सांगितली. बाईंनी लगेच फोन उचलला.

"मॅडम, दुपारपर्यंत थांबा. तो स्वतः जाणार आहे."

"कांचन," टेंबेबाई म्हणाल्या, "तू आधीच खूप थांबलीस."

पोलिसांनी भूषणला टँकरवरच धरलं. पाइप चालू होता, बायकांची रांग लागली होती. त्याला जीपमध्ये घालताना पाणी रस्त्यावर वाहत राहिलं, आणि बायका आधी पाइपाकडे धावल्या. तो चौकीतच निघाला होता हे त्याने सांगितलं, पण ते कुणी लिहून घेतलं नाही. कागदोपत्री तो पकडला गेला होता.

दिघोळेने जबाब दिला, की तो त्या दिवशी जागेवर फक्त सकाळी येऊन गेला. ऑपरेटरने परस्पर काय केलं याची त्याला कल्पना नाही. समतलच्या वकिलांनी त्याला आठवडाभरात जामिनावर सोडवलं. भूषणला जामीन मिळाला नाही.

खणल्यावर वजनकाट्याच्या मागे सुकलाल भोई सापडले. हात चौकटीवर होते. भिंतीलगत वस्तीतली एक मुकी बाई सापडली, जी कचरा वेचायची. ती नाहीशी झाल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. विहिरीजवळच्या माणसाची ओळख शेवटपर्यंत पटली नाही.

योगिता कांचनच्या घरी आली ती क्रियाकर्म झाल्यावर. ती आत आली नाही, दारातच उभी राहिली.

"तुम्ही मला पाणी दिलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

योगिताचा आवाज चढला नाही. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. "मग पाणी कशाला दिलं?"

योगिताने जरा वाट बघितली आणि निघून गेली. कांचनने मागे वळून पाहिलं तेव्हा ओवी आतल्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

त्या आठवड्यात भूषणची आई गावाहून आली. सुनेशी ती एक शब्द बोलली नाही, जाताना फक्त म्हणाली, "पोराला तर धरून दिलंस. पोरीला मी नेते." ओवीने आपलं दप्तर आपणच भरलं. कांचन अडवायला पुढे झाली तेव्हा ती म्हणाली, "तू पप्पांना दुपारपर्यंत थांबते म्हणाली होतीस." भूषणने हे तिला कधी सांगितलं, कांचनला कळलं नाही. कदाचित तिने भिंतीपलीकडून तेही ऐकलं असेल.

*

सरकीनगरची बातमी पसरली तशी दुसऱ्या शहरांतली माणसं आपापल्या पाडलेल्या जागांवर जाऊन गवत बघायला लागली. काही ठिकाणी जांभळे डाग निघाले. काही ठिकाणी खरंच शेळ्याकुत्री होती. काही ठिकाणी नव्हती. ठेकेदारांनी पाडकामाच्या निविदा भरणं थांबवलं. बोलक्या हरळीच्या जागेवर घर घ्यायला लोक तयार होईनात. मग वरून टेंबेबाईंना बोलावणं आलं.

परत आल्यावर त्यांनी कांचनला खोलीत बोलावलं. खोट्या नोंदीबद्दल चौकशी होऊन तिची वर्षाची पगारवाढ रोखली होती, पण नोकरी राहिली होती. तिच्याइतकं हे काम जाणणारं कुणी नव्हतं.

"रंगाचा गुण काढून टाकायला सांगितलाय," बाई म्हणाल्या. "नवीन वाण कायम हिरवं राहील."

"आणि तुम्ही हो म्हणालात?"

"मी काय करायला हवं होतं? बोलकं गवत कुणी लावू देत नाही आता. नाही म्हटलं तर राडारोडा उघडा राहणार. पुढच्या उन्हाळ्यात परत म्हातारी माणसं पंख्याखाली मरणार. ती किती मरतात ते मी मोजलंय, कांचन. खाली पुरलेली किती असतील ते मला माहीत नाही." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "ज्यांची संख्या माहीत आहे त्यांना वाचवते मी. दुसरं काय करता येईल ते तू सांग."

सरकीनगरचे खड्डे बुजवून तिथे नवीन हरळी कांचननेच लावली. मग नदीपलीकडे कुंभारटेकडीची वस्ती पाडली होती, तिथेही लावली. पुढच्या उन्हाळ्यात त्या भागातलं तापमान चांगलंच उतरलं. उन्हं कलली की लोक सतरंज्या घेऊन येत, पोरं लोळत. पाय गवतावर ठेवला की खरोखर गार लागायचं. एका म्हाताऱ्याने तिला थांबवून हात जोडले होते.

तुरुंगात भेटायला ती महिन्यातून एकदा जायची. काचेच्या अलीकडे ती, पलीकडे तो, मधे फोन. भूषण वाळला होता, पण हात थरथरत नव्हते.

"ओवी बोलते का तुझ्याशी?"

"फोन घेत नाही."

"घेईल," तो म्हणाला. मग विचारलं, "कुंभारटेकडीला गवत लागलं का?"

"लागलं. का?"

"चांगलं आलंय?"

"सगळीकडे सारखं आलंय."

"जांभळं कुठे झालंय?"

"आता रंग येत नाही. नवीन वाण आहे. खाली काहीही असलं तरी हिरवंच राहतं."

भूषणने फोन या कानावरून त्या कानावर घेतला. मागे पाहिलं. "माझ्या बराकीत एक माणूस आलाय. मारामारीत आत आलाय. पोकलेनवाला आहे. कुंभारटेकडीला मशीन होती त्याची." तो थांबला. "झोपेत ओरडून उठतो. हाताने काहीतरी बाजूला सारत असतो. मी ओळखलं लगेच."

"त्याने सांगितलं काही?"

"विचारलं की तोंड फिरवतो. कुठे, कोण, काही नाही. तू टेंबेबाईंना सांग. रंग नसला तरी तुम्हाला काढता येईल ना शोधून?"

तो इतक्या खात्रीने विचारत होता, की कांचनला त्याच्याकडे बघवेना. शिपायाने वेळ संपल्याची खूण केली.

"भूषण," ती म्हणाली, "तिथलं गवत मी लावलंय."

त्याला अर्थ लागायच्या आत फोन बंद झाला.

बाहेर आल्यावर ती आधी पोलीस चौकीत गेली. तिथल्या अधिकाऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, नेमकं कुठे खणायचं म्हणता? जागा केवढी आहे ठाऊक आहे ना तुम्हाला? तिला ठाऊक होती. तिनेच मोजून बी टाकलं होतं.

मग ती रिक्षा करून कुंभारटेकडीला गेली. संध्याकाळची गर्दी होती. ती एका कडेपासून चालायला लागली, खाली बघत, दुसऱ्या कडेपर्यंत गेली आणि तिथून वळून परत आली. मधे मधे वाकून पातं हातात घेऊन निरखायची. सगळी पाती सारखी होती. लोकांनी सतरंज्या गुंडाळल्या, पोरांना हाका मारल्या, हळूहळू सगळे गेले. ती चालतच होती.

चौकीदार फाटक लावायला आला. त्याने थोडा वेळ तिच्याकडे बघितलं आणि जवळ येऊन विचारलं, "बाई, काही हरवलंय का?"

"हो," कांचन म्हणाली.

"काय हरवलंय? मीपण बघतो की."

तो खरोखरच वाकून बघायला लागला होता. काय शोधायचं, हे तिला त्याला सांगता येईना.